हेंद्रेचा गिलावा

उपेंद्रच्या घरी शुक्रवारी जेवायला बोलावलं की त्यामागे एखादं टेंडर असतं, हे कुमुदला लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. थोरल्या दिरानं निव्वळ प्रेमापोटी श्रीखंड खाऊ घातल्याचा प्रसंग पुढच्या सत्तावीस वर्षांत एकदाही आला नव्हता. त्यामुळे शारजातल्या अल मजाज भागातल्या त्या अकराव्या मजल्यावर पाऊल टाकताच, टीव्हीसमोर थिएटरसारखे मांडलेले सोफे पाहून तिनं सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा व्हिडिओ कॅसेट छातीशी धरून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिला नंबर आलेल्या मुलाचं हसू होतं. उल्हास तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता.

कॅसेटमध्ये एक घर होतं. वेल्समधल्या एका डोंगरउतारावर शर्वाणीनं, म्हणजे उल्हास-कुमुदच्या एकुलत्या एक मुलीनं, दोन वर्षांपूर्वी घेतलेलं सोळाशे ऐंशी सालचं दगडी शेतघर. शारजात पंधरा वर्षांची इमारत म्हातारी समजतात आणि वीस वर्षांची पाडतात. तिथं आयुष्य काढलेल्या माणसांना मुलीनं एवढी जुनी वस्तू विकत घ्यावी याची आधी लाजच वाटली होती. लोकांची मुलं विलायतेत जाऊन नवे कोरे फ्लॅट घेतात, हिनं गोठा घेतला, असं उपेंद्रच्या बायकोनं, कुंदानं, तेव्हा फोन करकरून सगळ्यांना कळवलं होतं, आणि दुर्दैवानं ते अर्ध्यापुरतं खरं होतं. मग गेल्या जुलैत शर्वाणी तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला स्कॉटलंडला गेली. घर सांभाळायला म्हणून आई-वडील येऊन राहिले होते. उल्हासनं ते इतकं सांभाळलं, की पावसाच्या माऱ्याकडची अख्ख्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून टाकला. अठरा दिवसांत. मुलीला सरप्राइज म्हणून.

आता जानेवारी होता. शर्वाणी मंगळवारी आली होती, शनिवारी पहाटे परत जायची होती, आणि तिच्या पर्समध्ये एक कागद होता. त्या कागदावर बाबांची सही हवी होती. हे त्यांना एकटं गाठून, दार लावून सांगायचं असं ती चार दिवस ठरवत होती, आणि चार दिवस ते तिला कॅसेटविषयीच सांगत होते.

"यल्ला, सगळे बसा," उपेंद्र म्हणाला. "आधी पिक्चर, मग जेवण."

"पुऱ्या थंड झाल्या तर मला सांगायचं नाही," किचनमधून कुंदाचा आवाज आला. "पिक्चर कुठं पळून जाणार आहे? सहा महिने तेच ऐकतोय आपण."

"कुंदा, धिस इज बिझनेस."

"ते श्रीखंड आणायला सांगितलंत तेव्हाच कळलं मला."

उपेंद्रनं टीपॉयवर एक चकचकीत पुस्तिका ठेवली. दोघा भावांच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीची. तिच्यात उपेंद्र ऑफिस सांभाळत असे आणि उल्हास साइट. एकानं सह्या करायच्या, दुसऱ्यानं भिंती उभ्या करायच्या, अशी ती वाटणी होती. पुढं कंपनी वाढली, साइटवर इंजिनीअर आले, लेझरची यंत्रं आली, आणि थापी हातात घेऊन फिरणारा पार्टनर क्लायंटसमोर बरा दिसेना. मग उल्हासला 'डायरेक्टर, टेक्निकल' असा हुद्दा, एक केबिन आणि एक मोठं कॅलेंडर देऊन सन्मानानं बाजूला बसवण्यात आलं. त्यालाही आता सहा वर्षं झाली होती.

"पान सात," उपेंद्र म्हणाला.

पान सातवर हेंद्रे होतं. शर्वाणीच्या घराचं ते नाव. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुंदानं, हे कोणते हेंद्रे, सदाशिव पेठेतले का, असं विचारलं होतं. डाव्या फोटोत दगडांची खडबडीत भिंत, उजव्या फोटोत पांढरीशुभ्र सपाट भिंत, आणि वर सोनेरी अक्षरांत: हेरिटेज एक्स्पीरियन्स, युनायटेड किंगडम.

शर्वाणीनं पुस्तिका स्वतःकडे ओढली.

"काका, हे काय आहे?"

"एक लोकल बिझनेसमन आहेत. त्यांच्या आजोबांचं जुनं घर आहे, समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाचं. त्यांना ते पुन्हा पहिल्यासारखं करून हवंय. सगळे कॉन्ट्रॅक्टर लाइन लावून उभे आहेत, पण हेरिटेजचा अनुभव कोणाला आहे? फक्त आपल्याला! कारण माझा भाऊ आर्टिस्ट आहे."

उल्हासनं मान खाली घातली. दादानं त्याला आर्टिस्ट म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. गेल्या सहा वर्षांत 'एसी बंद करून जा' याखेरीज दादा त्याला फारसं काही म्हणालाच नव्हता.

कॅसेट सुरू झाली. पडद्यावर आधी उल्हासचा अंगठा आला, मग बराच वेळ आकाश, मग घर. मागून त्याचाच आवाज: "यह है बिफोर. प्लीज नोट द कंडिशन."

घर म्हणजे उतारावर आडवी ठेवलेली एक लांबलचक दगडी पेटी होती. मधोमध एक अरुंद बोळ, त्याच्या दोन्ही टोकांना समोरासमोर दारं. वरच्या अंगाला माणसं राहायची, खालच्या अंगाला गुरं.

"म्हणजे माणसं आणि म्हशी एकाच दारानं आत?" कुंदा पदराला हात पुसत येऊन बसली होती.

"गायी, काकू," शर्वाणी म्हणाली. "दार एकच. आत आलं की माणसं वर चढायची, गायी खाली उतरायच्या. उतार गोठ्याकडे, म्हणून सगळी घाण आपोआप बाहेर जायची. आणि गुरांची ऊब घराला मिळायची."

"दॅट्स अ‍ॅक्चुअली जीनियस," मिहिका म्हणाली. ही उपेंद्र-कुंदाची मुलगी, एकोणीस वर्षांची.

"जीनियस! बाल्कनीत कबुतर बसलं तर किंचाळतेस तू."

शर्वाणीला गप्प बसायचं होतं. पण पडद्यावर घर दिसलं की तिला गप्प बसवत नसे, हा तिचा जुनाच दोष. "छपराच्या ह्या स्लेटच्या फरश्या बघ मिहिका. पागोळीजवळ मोठ्या आहेत, वर जाताना लहान लहान होत जातात. खाणीतून निघतील तशा मापानं लावल्यात, एकही वाया घालवलेली नाही. आणि तो जिना बघ, चुलीच्या बाजूला. भिंतच इतकी जाड आहे की जिना भिंतीच्या पोटातून वळत वर जातो."

"जाड माणूस आला तर?" कुंदानं स्वतःकडे न बघता विचारलं.

"आडवं होऊन जायचं, काकू."

"आणि वरती छपराची कैची," शर्वाणी पुढं म्हणाली. "ओकचं एक वाकडं झाड शोधायचं, ते मधून उभं चिरायचं आणि दोन्ही फाकी समोरासमोर टेकवायच्या. त्यांचे पाय भिंतीत. सगळं छप्पर त्यांच्यावर उभं असतं. तीनशे वीस वर्षं."

"वाकडंच झाड का शोधायचं? सरळ मिळत नव्हतं?" उपेंद्रनं विचारलं. त्याच्या मते हा देशाच्या प्रगतीचा प्रश्न होता.

पडद्यावरच्या उल्हासनं आता भिंतीला ओळंबा लावला होता. "सी? फोर इंचेस आउट," तो कॅमेऱ्याला म्हणाला. मग दगडांच्या सांध्यात पेचकस घालून थोडी माती उकरली आणि ती हातावर घेऊन दाखवली. "यह देखो. मिट्टी और चूना. सिमेंट, ज़ीरो." मुद्देमाल सापडलेल्या हवालदाराच्या आवाजात तो हे बोलला. तीस वर्षं शारजा-दुबईच्या भिंती ज्यानं काटकोनात उभ्या केल्या, त्याच्या मुलीनं चार इंच कललेल्या मातीच्या भिंतीआड झोपावं? त्या रात्री उल्हासला झोप लागली नव्हती, हे फक्त कुमुदला ठाऊक होतं. सकाळी उठून त्यानं शेजारच्या शेतकऱ्याकडून मिक्सर मागून आणला.

मग आलं 'आफ्टर'. भिंत दिसली आणि सोफ्यावरच्या मंडळींनी खरंच श्वास रोखला. कोपरे धारदार, पृष्ठभाग आरशासारखा, वर जिप्समची नक्षीदार पट्टीसुद्धा. इतकी सरळ भिंत की तिच्या शेजारी बाकीचं वेल्स वाकडं दिसत होतं.

"काय फिनिशिंग आहे!" उपेंद्र म्हणाला, आणि हे तो मनापासून म्हणाला.

पडद्यावर दार उघडलं. हातात बॅग घेतलेली शर्वाणी आत आली, थांबली, तोंडावर हात नेला. डोळ्यांत पाणी. कॅमेऱ्यामागून उल्हासचा अधीर आवाज, "कसं वाटलं?" आणि बऱ्याच वेळानं तिचा: "छान झालंय, बाबा."

उपेंद्रनं रिमोटनं चित्र तिथंच गोठवलं. "हे! हेच क्लायंटला दाखवायचं. ओनरची रिअ‍ॅक्शन. डोळ्यात अश्रूबिश्रू, सगळं ओरिजिनल."

"काका, हे कुणालाही दाखवू नका," शर्वाणी म्हणाली.

"अगं, लाजतेस काय? छान दिसतेयस."

"तो गिलावा काढावा लागणार आहे. सगळा. तशी नोटीस आलीय."

खाली कॉर्निशच्या किनारी रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता.

"कोणाची नोटीस?" उल्हासनं विचारलं.

शर्वाणीनं पर्स उघडली. ठरवलं होतं तसं काहीच होणार नव्हतं. दार लावलेलं नव्हतं, बाबा एकटे नव्हते, आणि पडद्यावर ती स्वतः 'छान' म्हणून थिजली होती.

"कौन्सिलची, बाबा. ते घर संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीतलं आहे. त्यात परवानगीशिवाय खिडकीसुद्धा बदलता येत नाही. स्लेटच्या दुरुस्तीसाठी मी अर्ज केला होता, तो बघायला ऑक्टोबरमध्ये त्यांच्या बाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या. आत येऊन बसल्यासुद्धा नाहीत."

"पण भिंत तर स्ट्राँग झाली ना?" उपेंद्रनं विचारलं.

"नाही झाली, काका. त्या भिंतीला दोन अंगं आहेत, आत आणि बाहेर, आणि मध्ये माती आणि दगडांचा चुरा भरलेला. पाऊस पडला की ती पाणी पिते. वारा सुटला, आत चूल पेटली की ते सोडून देते. तीनशे वर्षं हेच चाललंय. आता दोन्हीकडून सिमेंट. सिमेंटला केसासारख्या चिरा पडल्या की पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाटच नाही. कैचीचा एक पाय नेमका त्याच भिंतीत आहे. आधीच म्हातारा झालेला पाय. आता बोट लावलं तर खळी पडते."

"डीह्युमिडिफायर लाव. कॅरफोरला मिळतो, आठशे दिरहॅम."

"काका, भिंतीच्या आत कसा लावू?"

"आणि ह्या कागदाचं काय?" हे कुमुदनं विचारलं. तिची नजर कागदावरून हलली नव्हती.

"परवानगी न घेता असं काम करणं हा तिथं गुन्हा आहे, आई. घर माझ्या नावावर. आणि माझी नोकरी कसली? जुनी घरं सांभाळण्याची! मार्चमध्ये माझी मान्यतेची मुलाखत आहे. ती मिळाली तर मी स्वतःच्या सहीनं अशा घरांची कामं करू शकेन. त्याच पॅनलसमोर कोणी हे घर ठेवलं, तर मला आयुष्यभर कोणी अशा घराच्या अंगणात उभं करणार नाही. कौन्सिलच्या बाई म्हणाल्या, काम कोणी केलं आणि तुला न विचारता केलं, हे त्या माणसानं लिहून दिलं, आणि तू भिंत पूर्ववत केलीस, तर तुझ्यापुरतं प्रकरण बंद. सोमवारी द्यायचंय." ती वडिलांकडे वळली. "त्यांच्या रेकॉर्डला तुमचं नाव लागेल. दंडही तुमच्या नावावर येऊ शकतो. तो मी भरेन."

"नाव म्हणजे कंपनीचं नाव," उपेंद्र ताडकन म्हणाला. "खलास! उल्हास, सही करायची नाही. पान सातवर हे घर आणि तिकडे आपल्याच डायरेक्टरचा कबुलीजबाब? त्या क्लायंटचा मुलगा लंडनला शिकतो. एक फोन केला की कळेल."

"मग पान सात काढा," मिहिका म्हणाली.

"पाचशे कॉपी छापल्यात!"

कुमुद आतापर्यंत सांभाळून होती. अठरा दिवस तिनं बादल्या वाहिल्या होत्या, वाळू चाळली होती, नवऱ्याच्या पाठीला रोज संध्याकाळी बाम चोळला होता. "आणि तू?" ती मुलीला म्हणाली. "तू का नाही बोललीस तेव्हा? छान म्हणालीस. आम्ही वेड्यासारखे खूश होऊन परत आलो. विमानात ह्यांनी शेजारच्या माणसाला फोटो दाखवले. तो झोपला तरी दाखवत होते."

"काय बोलणार होते मी?" शर्वाणीचा आवाज फाटला. "बाबांच्या भुवयांत सिमेंट होतं. गुडघे सुजलेले. सहा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. केबिनमधून घरी आलेले बाबा मला माहीत होते, आई. मी त्या भिंतीकडे बघून रडले, आणि तुम्हाला वाटलं आनंदानं. मग मला ते खरं करायलाच लागलं."

'केबिन' हा शब्द उच्चारला गेला तसा उपेंद्र पुस्तिकेतल्या पान सातची घडी नीट करू लागला. त्या पानाला घडी पडलेलीच नव्हती.

मग तो समजुतीच्या सुरात बोलू लागला. हा सूर तो लेबर ऑफिसात वापरत असे. "हे बघ, प्रॅक्टिकल बोलू. व्हिडिओत तू स्वतः छान म्हणतेयस. म्हणजे ओनरची मंजुरी झाली. तूच लिहून दे की तुझ्या सांगण्यावरून झालं. फार तर काय, ती मुलाखत जाईल. जाऊ दे ना! इकडे ये. मी तुला हेरिटेज कन्सल्टंट करतो. गाडी, घर, सगळं. अल नहदाला आई-बाबांच्या बिल्डिंगमध्येच फ्लॅट बघू. काय कुमुद?"

आणि कुमुदला मोह झाला. अगदी उघड उघड झाला. दहा वर्षं पोरगी विलायतेत, आता पलीकडच्या दारात राहील, शुक्रवारी केस धुऊन बाल्कनीत उभी राहील, असं चित्र तिला लख्ख दिसलं. दिरानं आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट तिच्या मनातली सांगितली होती. मग तिनं शर्वाणीकडे पाहिलं. शर्वाणी नुसती आईच्या तोंडाकडे पाहत होती, आणि तिचा सगळा रंग उतरला होता. बारावीला मेडिकलचा फॉर्म भरायला लावला होता तेव्हा ती अशीच बसली होती. तेव्हा कुमुदनं न दिसल्यासारखं केलं होतं.

"नको, भाऊजी," कुमुद म्हणाली. "तिचं तिथलं असू द्या. आमच्यासाठी तिला इकडे ओढू नका." आणि हे बोलून झाल्यावर तिला रडू आलं, ते तिनं आवरलं नाही.

"मग नवऱ्याला गुन्हेगार करणार आहेस?"

"अहो, पुरे!" कुंदा उठून उभी राहिली. कुंदानं जावेची बाजू घ्यावी हा प्रकार त्या घराण्यात ग्रहणाइतकाच विरळा होता, म्हणून सगळे तिच्याकडे पाहू लागले. "सहा वर्षं ह्या माणसाला साइटवर पाय ठेवू दिला नाहीत तुम्ही. शूज खराब होतात म्हणालात. माझ्यासमोर म्हणालात. हातातलं काम काढून घेतलंत, म्हणून बिचाऱ्याला करायला भिंत मिळाली ती पार विलायतेत. इथं एखादी कंपाउंड वॉल दिली असतीत तर पोरीचं घर वाचलं असतं."

कुंदाला उल्हासचा कळवळा किती आणि पाचशे पुस्तिका रद्दीत जाण्याचा आनंद किती, हे सांगणं कठीण होतं. पण ती बोलली ते खरं होतं, आणि उपेंद्रला ते खरं असल्याचं माहीत होतं.

उल्हास इतका वेळ गोठलेल्या पडद्याकडे पाहत बसला होता. मुलीच्या तोंडावरच्या हाताकडे. सहा महिन्यांत हे चित्र त्यानं शंभर वेळा पाहिलं असेल.

"मिहिका," तो म्हणाला, "तो कागद वाच बेटा. माझा चष्मा घरी राहिला."

चष्मा त्याच्या खिशात होता, हे सगळ्यांना दिसत होतं. मिहिकानं कागद घेतला. इंग्रजी तिनं भराभर वाचलं, मग अडखळत मराठीत सांगायला लागली. "तुम्ही म्हणताय की काम तुम्ही केलं, जुलै दोन हजार एकमध्ये. ताईला माहीत नव्हतं, ती नव्हती तिथं. मग लिहिलंय, तुम्हाला त्या टाइपच्या भिंतीचा... एक्स्पीरियन्स नव्हता. आणि मग, यू डिड नॉट नो, अँड कुड नॉट हॅव नोन, की ह्यानं डॅमेज होईल. म्हणजे तुम्हाला कळलं नव्हतं आणि कळणं पॉसिबलच नव्हतं. बस. मग सही."

ह्या शेवटच्या वाक्यावर शर्वाणीनं तीन रात्री घालवल्या होत्या. बाबांवर ठपका येईल, पण तो अजाण माणसाचा असेल, एवढं तिनं त्या वाक्यात बसवलं होतं.

"ते काढून टाक," उल्हास म्हणाला.

"कुठलं?"

"कळलं नव्हतं, ते."

"बाबा, तेच राहू दे," शर्वाणी म्हणाली. "त्या वाक्यानं तुम्ही सुटता."

"मला कळलं होतं."

कुमुदनं डोळे पुसता पुसता हात थांबवला.

"निघायच्या दिवशी सकाळी भिंतीला हात लावला," उल्हास सांगू लागला. तो कोणाकडेच पाहत नव्हता. "सवय आहे. काम सोडताना लावतोच. कैचीच्या खाली हात ओला झाला. नव्या गिलाव्याची ओल मला कळते, ती सगळीकडे सारखी असते. ही एकाच जागी होती, वाटीएवढी. पुसली. चहा पिऊन आलो तर परत आली होती. तीस वर्षं भिंती केल्यात मी. आतून पाणी येतंय हे मला कळणार नाही? पण गाडी बारा वाजता येणार होती. आणि तू छान म्हणाली होतीस. मी वॉटरप्रूफ पेंटचा डबा उघडला, त्यावर दोन हात मारले, ब्रश धुतला आणि विमानात बसलो."

"फोन तरी करायचा होतात," शर्वाणी म्हणाली. तिला राग आला होता, खरा, भडकलेला राग, आणि इतके महिने तो न आल्याबद्दल तिचं तिलाच आश्चर्य वाटत होतं. "ऑगस्टमध्ये सांगितलं असतंत तर कैचीचा पाय वाचला असता. मी गप्प बसले तेव्हा मला वाटलं, तुम्हाला माहीत नाही म्हणून गप्प बसतेय. तुम्हाला माहीत होतं! दर शुक्रवारी फोनवर विचारत होतात, भिंत कशी आहे."

"हो."

"आणि मी म्हणत होते, मस्त आहे."

"हो. ते ऐकायलाच विचारत होतो."

उल्हासनं खिशातून चष्मा काढून लावला. उपेंद्रच्या खिशाला सोनेरी टोपणाचं पेन होतं, ते त्यानं हात पुढं करून मागितलं. उपेंद्रनं ते लगेच दिलं नाही.

"उल्हास, विचार कर. हे गेलं तर ते घर गेलं आपल्या हातचं. ते प्रवाळाचं."

"जाऊ दे, दादा. प्रवाळालासुद्धा मी सिमेंटच लावलं असतं."

उपेंद्रनं पेन दिलं. उल्हासनं ते वाक्य एका सरळ रेघेनं खोडलं आणि साइटच्या रजिस्टरमध्ये लिहायचा तशा मोठ्या, सुट्ट्या इंग्रजी अक्षरांत वर लिहिलं, की शेवटच्या दिवशी मला ओल दिसली होती आणि मी तिच्यावर रंग लावला. मग सही केली. खाली तारीख घातली. वेळही घालायला लागला, तेव्हा मिहिका म्हणाली की वेळेची गरज नाही.

कुंदा पुऱ्या गरम करायला आत गेली. उपेंद्रनं टीव्ही बंद केला, आणि बाकी काही सुचेना म्हणून धाकट्या भावाच्या पेल्यात पाणी ओतलं.

शर्वाणीनं कागद घडी न घालता फाइलमध्ये ठेवला. राग उतरला नव्हता, पण तो आता कोणावर आहे हे तिला कळत होतं, आणि गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिला बाबांच्या शेजारी बसावंसं वाटलं. ती जाऊन बसली.

"ते काढायचं कसं?" उल्हासनं विचारलं.

"छन्नीनं. हातानं, एकेक इंच. मशीन चालत नाही, दगड फुटतात. मग कैचीचा पाय दीड फूट कापून नवा ओक जोडायचा. मग चुना. एक म्हातारे गवंडी आहेत, ते करणार आहेत. दोन वर्षं लागतील."

"मी येतो. मे महिन्यात येतो. छन्नी माझी स्वतःची आणतो, इथली..."

"नाही, बाबा. तुम्ही त्या भिंतीला हात लावायचा नाही, असं मीच ठरवलंय."

उल्हासनं मान हलवली. वरच्या साहेबानं काम नाकारलं की तो अशीच मान हलवत असे, वाद न घालता. मग त्यानं विचारलं, "नुसता आलो तर?"

शर्वाणीनं फाइल बाजूला ठेवली. "या," ती म्हणाली. "नुसते या. दोघं या."

"आणि मी तिथं करायचं काय?"

"काही नाही करायचं. चुलीपाशी बसायचं. राहायचं."

उल्हासनं अल नहदापासून दुबईतल्या देऱ्यापर्यंत चारशेच्या वर घरं बांधली होती, आणि किल्ल्या देऊन झाल्यावर त्यातल्या एकाही घरात तो कधी टेकला नव्हता. हे काम आपल्याला जमेल की नाही, याची त्याला खरोखरच शंका वाटली. "बघतो प्रयत्न करून," तो म्हणाला.